फोन नंबर नक्की कशाचा? २००३ची क्रमांकन योजना वाचताना

पुण्यात पेठांमधून फिरताना दुकानांच्या जुन्या पाट्यांवरचे फोन नंबर बघायची मला सवय लागली आहे. काही पाट्यांवर अजून सात आकडी नंबर दिसतो आणि त्याच्या डावीकडे, जरा वेगळ्या रंगात, दाटीवाटीने घुसवलेला एक २. पेंटरने जागा सोडली नव्हती, कारण नंबर वाढेल हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याआधीच्या पाट्या सापडल्या तर त्यांवर सहा आकडे असतात आणि कोड ०२१२. पुढे ०२१२चं ०२० झालं, नंबर सात आकडी झाला, मग २००३च्या आगेमागे तो २ लागून आठ आकडी झाला.

तो २ एका सरकारी कागदाशी जोडलेला आहे. दूरसंचार विभागाची 'राष्ट्रीय क्रमांकन योजना २००३'. पीएच.डी.च्या एका प्रकरणासाठी मी ही योजना आणि तिच्यावर ट्रायने नंतर केलेल्या शिफारशी (२०२०च्या आणि २०२५च्या) सलग वाचल्या. सलग वाचण्यासारखं हे साहित्य नाही, कबूल आहे. पण वाचल्यावर असं वाटलं की या योजनेवर जी टीका नेहमी होते ती चुकीच्या जागी होते. खरी अडचण दुसरीकडे आहे आणि २०२५च्या कागदातही ती तशीच आहे. आजचं टिपण त्याबद्दल.

आधी नंबर चालतो कसा ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

जगातल्या कुठल्याही फोन नंबरला जास्तीत जास्त १५ आकडे असू शकतात, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यातले पहिले देशाचे. जगाचे विभाग पाडले तेव्हा आपल्या भागाला ९ आला. तुर्कस्तान ९०, आपण ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४. देशाच्या आत आपण दहा आकडे धरले. लँडलाइनला या दहात एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर दोन्ही बसवायचे. म्हणून कोड लहान तर नंबर मोठा, कोड मोठा तर नंबर लहान. मुंबई २२, पुढे आठ आकडे. कोल्हापूर २३१, पुढे सात. मालवण २३६५, पुढे सहा. बेरीज दहाच. आपण ०२२ म्हणतो त्यातलं शून्य कोडचा भाग नाही. 'बाहेरगावचा कॉल आहे' एवढंच ते एक्स्चेंजला सांगतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. तुम्ही दाबलेला नंबर लँडलाइनच्या एक्स्चेंजला अख्खा दिसत नाही, आकडा-आकडा येत जातो. पहिला आकडा आला की त्याला ठरवावं लागतं की आता एकूण किती आकड्यांची वाट बघायची आणि कॉल कुठे पाठवायचा. म्हणून पहिला आकडा म्हणजे क्रमांकन योजनेतली सगळ्यात महागडी जमीन. ० बाहेरगावासाठी गेला. १ आपत्कालीन आणि विशेष सेवांसाठी गेला. २ ते ६ लँडलाइनला. ९ मोबाइलला. जमीन एकदा वाटली की परत घेणं फार अवघड, कारण तिच्यावर लोकांनी घरं बांधलेली असतात. आपलं उदाहरण द्यायचं तर पाट्या रंगवलेल्या असतात.

कोडचा नकाशाही बघण्यासारखा आहे. ०२ म्हणजे ढोबळमानाने महाराष्ट्र-गुजरात, ०४ म्हणजे तमिळनाडू-केरळ, ०५ उत्तर प्रदेश. पण नागपूरचा कोड ०७१२, अमरावतीचा ०७२१, अकोल्याचा ०७२४. अख्खा विदर्भ भोपाळ (०७५५), जबलपूर (०७६१) आणि रायपूरच्या (०७७१) पंगतीत बसलेला. गोव्याची गंमत त्याहून जास्त. पणजीचा कोड ०८३२ आणि बेळगावचा ०८३१. म्हणजे कोडच्या नकाशात गोवा कर्नाटकाच्या रांगेत, पण दूरसंचार सर्कलच्या नकाशात गोवा 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये, आणि राजकीय नकाशात अर्थातच स्वतंत्र राज्य. उलट मुंबई महाराष्ट्राची राजधानी असून 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये नाही, तिचं सर्कल वेगळं. भाषावार प्रांतरचनेचा अभ्यास करणाऱ्या मित्राला मी हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, 'हे तर तिसरंच राज्य दिसतंय.' बरोबर आहे. हा तारांचा नकाशा आहे. ट्रंक एक्स्चेंज कुठे होतं आणि कुठल्या गावाची तार कुठे जाऊन मिळत होती, त्यावर तो बेतलेला आहे.

आणि तो पैशांचाही नकाशा होता. देशात थेट डायल करून बाहेरगावी फोन लावायची सोय पहिल्यांदा झाली ती १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर. त्याआधी ट्रंक कॉल बुक करून बसायचं. एसटीडी आलं तेव्हा ऑपरेटरचं काम आकड्यांनी करायचं होतं. कोडवरून कॉल कुठे पाठवायचा ते कळे आणि किती अंतराचे पैसे लावायचे तेही कळे. ज्या क्षेत्राला कोड मिळतो त्याला दूरसंचार खात्याच्या भाषेत नावच मुळी 'शॉर्ट डिस्टन्स चार्जिंग एरिया' असं आहे. चार्जिंग, म्हणजे आकारणी. अशी देशात सुमारे २६०० क्षेत्रं आहेत, बहुतेक ठिकाणी एक क्षेत्र म्हणजे साधारण एक तालुका. पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली रात्री उशिरा दर कमी व्हायची वाट बघत उभं राहिलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. काही वर्षं तर शून्याऐवजी ९५ लावून जवळपासच्या शहरांना स्वस्तात फोन करता यायचा. पुण्याहून मुंबईला ९५२२. आठवतंय का? पुढे ती सोय गेली आणि ९५ने सुरू होणारे मोबाइल नंबर आले.

आता योजनेकडे. २००३ साली योजनाकारांनी अंदाज बांधला की २०३०पर्यंत देशात ७५ कोटी फोन लागतील, त्यात ३० कोटी लँडलाइन आणि ४५ कोटी मोबाइल. प्रत्यक्षात काय झालं? ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे डिसेंबर २०१०मध्येच एकूण फोन ७८ कोटींच्या वर गेले होते. सत्तावीस वर्षांचा शिधा सातआठ वर्षांत संपला. नेहमीची टीका इथेच थांबते: सरकारी बाबूंना अंदाज आला नाही, दूरदृष्टी नव्हती वगैरे.

मला ही टीका अन्यायकारक वाटते. मार्च २००३मध्ये देशातले सेल्युलर मोबाइल होते साधारण सव्वा कोटी, आणि लँडलाइन चार कोटींच्या आसपास. ज्याच्यासमोर सव्वा कोटी मोबाइल आहेत तो माणूस ४५ कोटींची तरतूद करतो, लँडलाइनपेक्षा मोबाइल जास्त होतील असं कागदावर लिहून देतो, याला दूरदृष्टी नाही म्हणणं कठीण आहे. शिवाय दहा आकड्यांचा सांगाडा त्यांनी असा धरला की तो आजही टिकून आहे. तुलनेला लंडन बघा. तिथे १९९०मध्ये ०१चे ०७१ आणि ०८१ झाले, १९९५मध्ये ०१७१ आणि ०१८१, आणि २०००मध्ये ०२०. दहा वर्षांत तीनदा लेटरहेड छापायचे. आपल्याकडे २००३नंतर मोबाइल शंभर कोटींपलीकडे गेले, तरी कुणाचाही मोबाइल नंबर बदलावा लागलेला नाही.

मग चूक कुठे? चूक आहे गृहीतकात. योजना मोजते फोन, पण वाटते जमीन. 'नंबर म्हणजे जागा' हे एसटीडीच्या काळातलं समीकरण तिने जसंच्या तसं उचललं आणि प्रत्येक तालुक्याला त्याची जमीन देऊन टाकली. मालवणचं उदाहरण घेऊ. कोड चार आकडी, नंबर सहा आकडी. नंबरचा पहिला आकडा फक्त २ धरला तरी एक लाख नंबर होतात. मालवण तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत लाखाच्या किंचित वर होती. म्हणजे तान्ह्या बाळासकट जवळजवळ प्रत्येकाला एकेक लँडलाइन देता येईल एवढी सोय निव्वळ २ या आकड्यात झाली. त्यापुढे ३, ४, ५, ६ हे आकडे नव्या खासगी कंपन्यांसाठी. तेही लाख-लाखाचे. मालवणात किती खासगी कंपन्यांनी लँडलाइनच्या तारा टाकल्या असतील, हे तुम्हीच सांगा. असे चार आकडी कोडचे तालुके देशभरातले जोडले तर नुसत्या कागदावर शंभर कोटींच्या वर नंबर होतात. लँडलाइन मात्र ३० कोटींच्या जवळपासही कधी गेल्या नाहीत.

थोडक्यात, नंबरांचा दुष्काळ पडलेलाच नव्हता. गोदामं भरलेली होती, पण तालुक्या-तालुक्यात कुलूप लावून. मोबाइलला ९ची जमीन पुरेना, मग ८ उघडला, मग ७, मग ६चा काही भाग. मधल्या खाचाखोचांत बसवाबसवी झाली. बेंगळुरूचा कोड ८० आहे आणि ८०ने सुरू होणारे मोबाइलही आहेत. ८०नंतर २ आला तर बीएसएनएलची बेंगळुरूची लँडलाइन, ९ आला तर मोबाइल. चाळीत जिन्याखाली खोली काढतात ना, तसं.

मे २०२०मध्ये ट्रायने यावर उपाय सुचवला, तेव्हा माध्यमांत बातमी फिरली की मोबाइल नंबर आता अकरा आकडी होणार. ट्रायला खुलासा करावा लागला की आम्ही असं म्हटलेलंच नाही. शिफारस साधी होती: लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावा. १५ जानेवारी २०२१पासून ते सुरू झालं. एका शून्याने काय होतं? शून्य आला की स्थानिक एक्स्चेंज पुढच्या आकड्यांना 'आपल्या गावातला नंबर' समजत नाही, कॉल वर पाठवतं. त्यामुळे २ ते ६मधली जी जमीन निव्वळ स्थानिक डायलिंगच्या अडचणीमुळे मोबाइलला देता येत नव्हती, ती मोकळी झाली. अधिकृत हिशेबाप्रमाणे अडीचशे कोटींच्या वर नंबर. इतके नंबर आधीपासून तिथेच होते, हे या एका शून्याने उघड केलं.

फेब्रुवारी २०२५ची शिफारस याच वाटेने पुढे जाते. लँडलाइनवरून लँडलाइनलाही, अगदी शेजारच्या घरी फोन करायचा तरी, ० आणि कोड लावून पूर्ण नंबर फिरवायचा. नंबर कुणाचाही बदलणार नाही. पण नंबर आता तालुक्याच्या हिशेबात न धरता सर्कलच्या हिशेबात धरायचे. २६०० गोदामांच्या जागी २२ गोदामं. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, आणि खूप आधी व्हायला हवं होतं असं मी म्हणेन. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. 'नंबर म्हणजे जागा' हे समीकरण मोडलं, ठीक. पण मग नंबर म्हणजे काय? या प्रश्नाचं उत्तर २००३च्या कागदात नाही, आणि २०२५च्या कागदातही नाही.

मोबाइलचा नंबर सुरुवातीला निदान दोन गोष्टी सांगायचा. पहिल्या चार आकड्यांवरून सर्कल आणि कंपनी कळायची. ९८२० म्हटलं की मुंबई, ९८२२ म्हटलं की उर्वरित महाराष्ट्र. २० जानेवारी २०११ला देशभर पोर्टेबिलिटी आली आणि नंबरमधून कंपनी गेली. ३ जुलै २०१५पासून तो सर्कल ओलांडूनही नेता यायला लागला, तेव्हा जागाही गेली. आता पोर्ट झालेला नंबर तुम्ही दाबलात की यंत्रणा आधी एका डेटाबेसला विचारते, 'हा सध्या कुणाकडे आहे?' आणि उत्तरात मिळालेल्या वेगळ्याच मार्गदर्शक क्रमांकावरून कॉल पाठवते. म्हणजे खरा पत्ता तो, आपल्याला न दिसणारा. आपण ज्याला नंबर म्हणतो ते आता नुसतं नाव उरलंय.

आणि नेमकं ते नाव बाकी सगळ्यांनी उचललं. बँकेने, आधारने, गॅसवाल्याने, शाळेने, यूपीआयने. दूरसंचार खात्याने जे कधी ठरवलंच नव्हतं ते झालं: दहा आकडे म्हणजे माणूस. क्रमांकन योजनेच्या भाषेत मात्र नंबर हे 'मर्यादित संसाधन' आहे, पाण्यासारखं किंवा स्पेक्ट्रमसारखं. संसाधन पडून राहिलं तर परत घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. त्या भाषेत हे अगदी तर्कशुद्ध आहे. पाणी परत घेतलं तर आधीच्या माणसाच्या आठवणी त्यात राहत नाहीत. नंबरात राहतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी फील्डवर्कसाठी मी एक नवं सिम घेतलं. पहिल्याच आठवड्यात मेसेज आला: 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.' मला पाल्य नाही. मग एका सहकारी पतसंस्थेचे हप्त्याचे मेसेज. मग एका प्रयोगशाळेची लिंक, रक्ततपासणीचा रिपोर्ट तयार आहे म्हणून. मी उघडली नाही, पण उघडली असती तर उघडली असती. हळूहळू मला एका अनोळखी बाईचं नाव, तिच्या मुलीचं नाव, इयत्ता आणि कर्जाची उरलेली रक्कम कळली. यात कुणी चोरी केली नव्हती. तिचा नंबर बंद झाला, नियमात बसेल इतके दिवस पडून राहिला आणि मला मिळाला. सगळं योजनेप्रमाणे.

ते दिवस किती? नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न आला होता. ट्रायने सांगितलं की बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. न्यायालयाने ते नोंदवलं, आपला डेटा आपण काढून घ्यावा ही जबाबदारी ग्राहकावर आहे अशा अर्थाचं मत दिलं आणि याचिका निकाली निघाली. नव्वद दिवस. नंबर जर तालुक्याच्या जमिनीचा तुकडा असेल तर नव्वद दिवस पुष्कळ झाले. तो माणसाचं नाव असेल तर?

त्याहून बोचरी गोष्ट 'वापर' या शब्दाची आहे. प्रीपेड नंबर न वापरल्यामुळे कधी बंद करता येईल याचे ट्रायचे २०१३चे नियम बघा. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, इंटरनेट, भरलेले पैसे, हा वापर. आलेला एसएमएस त्यात धरलेला नाही. त्या काळी हे शहाणपणाचं होतं, कारण जाहिरातींचे एसएमएस प्रत्येकाला येतच असतात, ते धरले तर कुठलाच नंबर कधी बंद होणार नाही. पण ओटीपी हा आलेला एसएमएस आहे! गावाकडे साधा फोन वापरणारी एखादी आजी पेन्शनच्या खात्यासाठी वेगळं सिम जपून ठेवते, त्यावर बोलत कुणाशीच नाही, फक्त बँकेचे मेसेज येतात. तिच्या दृष्टीने तो नंबर घरातला सगळ्यात महत्त्वाचा. नियमाच्या दृष्टीने तो पडीक. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर नंबर राखून ठेवायची सोय आहे, हे खरं. ती सोय आजीपर्यंत पोचवायचं काम कुणाचं, हे मात्र ठरलेलं नाही.

२०२५च्या शिफारशींत या बाबतीत एक पाऊल आहे आणि ते उलट्या दिशेने पडलंय असं माझं मत आहे. वर्षभर न वापरलेले नंबर बंद केलेच पाहिजेत असं तिथे सुचवलं आहे. साठा वाया जाऊ नये म्हणून. पण एका शून्याने अडीचशे कोटी नंबर मोकळे करणाऱ्यांना एवढी घाई कसली? दुष्काळ तर कागदावरचा निघाला होता. खरं तर आता पहिल्यांदाच आपल्याकडे इतकी जागा आहे की बंद झालेला नंबर नव्वद दिवसांऐवजी दोन वर्षं, पाच वर्षं बाजूला ठेवता येईल. तो हिशेब त्या कागदात करायला हवा होता.

बंद झालेल्या नंबरांची यादी आज प्रसिद्ध होते आणि बँकांनी ती वापरून आपल्या नोंदी साफ कराव्यात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण बँकेवर रिझर्व्ह बँक आहे. पतसंस्था, शाळा, प्रयोगशाळा यांनी ती यादी बघावी म्हणून त्यांना कोण सांगणार? क्रमांकन योजना लिहिणाऱ्याला हे आपल्या कक्षेबाहेरचं वाटणं मी समजू शकते. तो आकडे वाटतो, माणसांशी त्याचा संबंध नाही. पण मग त्या आकड्यांना काय-काय बांधलं गेलंय हे माहीत असलेला दुसरा कुणी अधिकारी या देशात असायला हवा, आणि मी वाचलेल्या कागदांत तो मला कुठे भेटला नाही.

त्या शाळेत मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा 'पालकांनी स्वतः अर्ज द्यावा लागेल' असं सांगितलं. पालकांचा नंबर त्यांच्याकडे एकच होता, माझा. गेल्या जूनमध्ये मेसेज आला की आपला पाल्य इयत्ता पाचवी, तुकडी ब मध्ये आहे आणि पुस्तकं न्यायला शनिवारी यावं.